गाडीले सांगजो, मी मैनाबाई

किरनापूर, जिल्हा बालाघाट
४ मे २०२५

श्रुतिका पोरी,

तुझ्या आजीचा तुले आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत, फक्त कोंबड्या नाराज आहेत, काहून का त्यायची बसाची जागा आता गाडीनं घेतली.

हौ, गाडी आली. अक्षय तृतीयेले आली. तुझ्या बाबानं बालाघाटच्या शोरूममधून स्वतः चालवत आनली असं तो गावात सांगते. खरं म्हनजे चालवली शोरूमच्या मानसानं, तुझा बाबा बाजूले बसला होता. किरनापूर आल्यावर मात्र त्यानं हातात घेतली आन् आंगनात लावतानी तुळशीच्या ओट्याले टेकवली. तुळस बरी आहे. ओट्याचा एक कोपरा गेला.

सीटवरचं प्लास्टिक तो कोनाले काढू देत नाही. मी बसली का पापड मोडल्यासारखा आवाज येते. जरा हालली तरी कुर्रर. रस्त्यानं जातानी लोकायले वाटत असन कुशल आपल्या मायले तळून घेऊन चालला.

मले एकच काळजी आहे. अठ्ठेचाळीस वर्षाचा झाल्यावर त्यानं चालवनं शिकलं. खता-बियान्याच्या दुकानात बसून बसून त्याची मान खालीच राहाले शिकली, आधी पावत्या पाहे, आता मोबाईल पाहते. म्या टोकलं तं म्हनते, माय, ही गाडी मानसाले ओळखते, कोनी समोर आलं तं स्वतः ब्रेक मारते, आपली श्रुतिका पुन्याले हेच काम करते.

म्हनून तुले हे पत्र. फोनवर मले ऐकू येत नाही, तुले माहीतच आहे. मागच्या वेळी तू म्हनली ताप आला, आन् मी साऱ्या मोहल्ल्यात सांगून आली का पोरीच्या खोलीत साप आला. शेजारच्या तुळसाबाईनं तं नागोबाले दूध कबूल केलं होतं. साक्षरतेच्या वर्गात बाईनं शिकवलं तेवढंच मले येते, जोडाक्षर आलं का मी कडेकडेनं निघते, पन वाचते तं सावकाश वाचते. तू मोठ्या अक्षरात लिहिजो.

खरंच ओळखते का ती? मले ओळखन का? तू कंपनीत आहेस तं गाडीले सांगजो, मी मैनाबाई, कुशलची माय, किरनापूरची.

तुझी आजी


पुणे
१३ मे २०२५

प्रिय आजी,

तुझं पत्र ऑफिसच्या डब्यासोबत वाचलं आणि सापाच्या ओळीपाशी मला ठसका लागला.

हो, गाडी खरंच माणसाला ओळखते. समोरच्या काचेवर, आरशाच्या मागे छोटा कॅमेरा असतो. त्याला शिकवावं लागतं. माझ्याकडे रस्त्यांचे फोटो येतात, त्यात जिथे जिथे माणूस दिसेल तिथे मी त्याच्याभोवती चौकोन काढते. दिवसभर चौकोन. असे लाखो फोटो बघून गाडी शिकते की माणूस असा दिसतो. मग कोणी अचानक समोर आलं आणि चालवणाऱ्याने ब्रेक नाही मारला, तर ती मारते.

मैंने बाबा को भी बोल दिया है, अब आराम से चलाओ, गाडी देख लेगी. तू पण टेन्शन घेऊ नको.

तुझी,
श्रुतिका


किरनापूर
१ जून २०२५

श्रुतिका पोरी,

पुन्यानं तुले पुरतं बदलवलं. आता तू 'मला' आन् 'त्याला' लिहितेस, जसं काही रेडिओवर बोलून राह्यली. आन् चौकोन काढाची नोकरी म्हनतेस. चाळीस वर्ष म्या दारात रोज रांगोळी काढली, कोनी मले पुन्याले बोलावलं नाही.

पन तुझं पत्र वाचून जीव थंड झाला. तू लिहिलं, ओळखते. तं म्या इचार केला, ओळख का आपोआप होते? तुझा आजा नवी बैलजोडी आने, तं पहिल्या दिवशी घरच्या सगळ्यायले तिच्यापुढं उभं करे. बैलाचे पाय धुवाचे, कुंकू लावाचं, प्रत्येकानं आपल्या हातानं भाकर चाराची. जनावर वास घेते, मंग जन्मभर त्या मानसावर शिंग उगारत नाही. ही तं सगळ्यायहून तेज जनावर.

म्हनून मागच्या इतवारी म्या मोहल्ला बोलावला. गाडीची चाकं धुतली. एकेक जनानं समोर यावं, काचेकडे पाहावं आन् नाव सांगावं. तुळसाबाई डोक्यावरून पदर घेऊन उभी राह्यली, म्या म्हनलं पदर मागं घे, थोबाड दिसल्याबिगर ओळखन कशी? ती म्हने, जेठासमोर नाही घेतला मागं, आता डब्यासमोर घेऊ? शेवटी घेतला. महागू आपल्या सात बकऱ्या घेऊन आला आन् सातही बकऱ्यायची नावं सांगून गेला. भाकर चारता येईना, तं म्या बोनेटवर गुळाचा खडा ठेवला. मुंगळ्यायची ओळख सगळ्यात चांगली झाली.

आन् हळदकुंकू. तू लिहिलं होतं कॅमेरा आरशाच्या मागं असते, म्हनजे तेच तिचं कपाळ. म्या बाहेरून बरोबर तठीच काचेवर हळद लावली, चार बोटायनं, जाड. तवापासून आत एक पिवळा दिवा लागून राह्यला. तुझा बाबा म्हनते काही बिघडलं. म्या म्हनलं, बिघडलं नाही, हळदीचा रंग चढला.

मंग महागूले आंगनात उभं केलं आन् तुझ्या बाबानं गाडी हळूहळू त्याच्याकडे आनली. दोन हातावर थांबली. ब्रेक गाडीनं मारला का बाबानं, ते त्या दोघायलेच माहीत, पन टाळ्या सगळ्यायनं वाजवल्या. आता मी सडकेवर कोनती भी नवी चमकती गाडी दिसली तं हात दाखवून आरामात पार होते. थांबतेतच. एकानं शिवी देल्ली असन, पन मले ऐकू येत नाही, तो एक फायदा.

तुझी आजी, जिले गाडी ओळखते


पुणे
१२ जून २०२५

प्रिय आजी,

आधी खूप हसले. मग शेवटच्या ओळी परत वाचल्या आणि हसू गेलं.

चूक माझी. मी चुकीचा शब्द लिहिला. 'ओळखते' म्हणजे तुला मैनाबाई म्हणून नाही ओळखत. तिला फक्त एवढंच कळतं की समोरचा आकार माणसासारखा आहे. उभा माणूस, डोकं, खांदे, दोन पाय, दिवसाचा उजेड, स्वच्छ काच. एवढं असेल तर बहुतेक वेळा थांबते. पाऊस असेल, संध्याकाळ असेल, समोरून ऊन डोळ्यात येत असेल, तर चुकू शकते. वेग जास्त असेल तर कळूनही थांबायला जागा उरत नाही. डोक्यावर भारा असेल, कोणी झाडामागून एकदम आलं, किंवा वाकलेला माणूस असेल, तर तिला तो माणूस वाटेलच असं नाही. आणि जुन्या गाड्यांना, ट्रकना तर हे काहीच नसतं.

हळद आजच पूस. कॅमेऱ्याचा डोळाच झाकला गेलाय, पिवळा दिवा तेच सांगतोय. म्हणजे महागूकाकांसमोर ब्रेक बाबांनीच मारला.

सडकेवर कुणालाही हात दाखवून पार होऊ नकोस. बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते 'हां हां, पता है' म्हणाले आणि युरियाचं बोलायला लागले.

श्रुतिका


किरनापूर
१६ जुलै २०२५

श्रुतिका पोरी,

पत्राले उशीर झाला. धानाच्या रोवन्याचे दिवस. आन् तुझं मागचं पत्र म्या पुरं वाचलंच नव्हतं. हळद पूस म्हनलं होतं ना तू, ते शेवटी होतं. मी सावकाश वाचत वाचत 'डोक्यावर भारा' इथवर आली आन् बाहेरून धानाचे परहे उपटाले हाक आली. पत्र डब्यात ठेवलं. पुढची ओळ वाकलेल्या मानसाची होती, ते मले आता समजलं, खाटेवर पडून.

घाबरू नको. मी बरी आहे. फक्त डावा हात मनगटापाशी मोडला, प्लास्टर आहे. तुझी आजी आता अर्धी पांढरी झाली. लिहाचा हात शाबूत आहे, देवाले माहीत होतं बुढी बोलल्याबिगर राहाची नाही.

झालं काय, तुले मोरा आठवते ना? बांबूच्या काड्यायचा आन् पळसाच्या पानायचा, डोक्यापासून कमरेपर्यंत पाठीवर घालतो तो. वाकून रोवना लावतानी पाठीले पानी लागत नाही. मागून पाहिलं तं बाई दिसत नाही, कासव दिसते. तसा घालून मी परह्याची जुडी घेऊन सडक पार करून ह्या बाजूच्या धानाच्या बांधीतून त्या बाजूच्या बांधीत चालली होती, वाकूनच. एकदा वाकली का सरळ होनं म्हनजे वेगळं काम, म्हनून मी रोवन्याचे दिवस वाकूनच काढते. पानी सुरू होतं. गाडी आली. कोनाची तरी होती, लांजीकडची असन. तिनं मोऱ्याचं मागचं टोक पकडलं, मी भवऱ्यासारखी फिरली आन् बांधीतल्या चिखलात जाऊन बसली. म्हनजे मले नाही उडवलं, मोऱ्याले उडवलं. परहे मात्र म्या सोडले नाहीत, तुळसाबाई साक्षी आहे.

गाडीवाला भला मानूस. त्यानं उचललं, मागच्या सीटवर झोपवलं, बालाघाटले दवाखान्यात नेलं. रस्ताभर मी पापडासारखी वाजत होती. म्या त्याले म्हनलं, चिखल लागन बाप्पा, हे प्लास्टिक आता तरी काढू नको.

तुझ्या बाबाले फोनवर काही विचारू नको. त्याच्या दुकानात गर्दी आहे.

तुझी आजी


पुणे
२५ जुलै २०२५

आजी,

'हे प्लास्टिक आता तरी काढू नको.' हे वाक्य मी दहा वेळा वाचलं. पापडाचा आवाज तू मला मे महिन्यातच लिहिला होतास.

ती गाडी आपली होती ना? चालवत बाबा होते ना?

दोन आठवडे झाले, ते फोनवर फक्त 'हूं' म्हणतात आणि फोन आईकडे देतात. आईपण दुसरंच काहीतरी बोलते. मला वाटलं दुकानाचं टेन्शन असेल.

मीच त्यांना म्हटलं होतं, गाडी देख लेगी.

आणखी एक लिहिते, कुणाला सांगितलेलं नाही. काल माझ्यासमोर एक फोटो आला. रस्त्याच्या कडेला एक बाई, डोक्यावर गवताचा एवढा भारा की फक्त घोटे दिसतात. आमच्या नियमात लिहिलंय, माणूस स्पष्ट दिसत नसेल तर सोडून द्या. दोन वर्षांत अशा किती बायका मी सोडून दिल्या असतील, माहीत नाही. गवत समजून पुढे गेले. मी किरनापूरची मुलगी, मला माहीत होतं ना की भाऱ्याखाली कोण असतं.

नौकरी छोड के घर आ जाऊं असं वाटतंय. खरं काय झालं ते लिही.

श्रुतिका


किरनापूर
४ ऑगस्ट २०२५

श्रुतिका पोरी,

पकडली गेली. खोटं बोलनं मले जन्मात जमलं नाही. लहानपनी गूळ चोरून खाल्ला तं ओठाले लागलेला घेऊनच मायपाशी जाये आन् सांगे, म्या नाही खाल्ला. म्या तुझ्या आईलेही शपथ घातली होती, तिच्यावर रागावू नको.

हौ, आपलीच गाडी. तुझाच बाबा.

युरियाचा ट्रक कुठवर आला ते मोबाईलवर पाहत होता. मान खाली. मनात होतं, गाडी पाहून राह्यली. गाडीनं काही हूं का चूं केलं नाही. त्यानं वर पाहिलं तवा समोर मोरा. मंग ब्रेक मारला, स्वतःच्या पायानं. उशिरा मारला, पन मारला, म्हनून आज तुले लिहून राह्यली. हळद म्या आधीच काढली होती, गुळाचे मुंगळे काचेवर चढत म्हनून काच धुतली तवा, तं तिचा दोष देता येत नाही. दिवा भी लागला नव्हता. डोळा उघडा होता तिचा, आन् तरी तिले मी मानूस वाटली नाही. आता इतक्या वर्षात मलेही कधी कधी वाटलं नाही, पन मशीननं लगेच ताडावं हे काही बरं नाही.

त्याले वाटलं वासरू आलं. धावत आला, मोरा उलटला, आन् म्हनला, "माय."

तिसरीत होता तवा विंचू चावला होता, तवा असा म्हनला होता. त्यानंतर आताच. मले ऐकू येत नाही म्हनतेत सगळे. तेवढं आलं.

तवापासून त्यानं गाडीले हात लावला नाही. सायकलनं दुकानात जाते. कोंबड्यायनं आपली जागा परत घेतली, त्या खुश आहेत. जेवतानी ताटातच पाहते, माझ्याकडे पाहत नाही. रात्रीचं जेवन झालं का माझ्या खाटेच्या पायथ्याशी येऊन बसते, मंग उठून जाते. मले हाडाची चिंता नाही, हाड जुळते. पोरगं मान खाली घालून बसलं, त्याले कोनतं प्लास्टर लावू?

आन् तू नोकरी सोडाची गोष्ट करतेस. एक त्या कोपऱ्यात बसला, दुसरी इकडं येऊन बसन, मंग मी कोनाकोनाले उठवत फिरू, एका हातानं? तू निघून आली तं त्या भाऱ्याखालच्या बायायचा चौकोन कोन काढन? पुन्याच्या पोरी काढतीन? त्यायले गवतच दिसन.

मोरा पाठवून राह्यली. मागचं टोक मोडलं आहे, बाकी चांगला. पोष्टातल्या बाबूनं विचारलं, आत काय आहे? म्या म्हनलं, मी आहे. त्यानं 'घरगुती सामान' लिहिलं. तुझ्या साहेबाले म्हनजो, गाडीले हा दाखवा. आता नीट ओळख करून द्या.

तुझी आजी


पुणे
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय आजी,

तू पोचलीस. ऑफिसभर पळसाच्या पानांचा वास आहे.

आधी अश्विन सर ऐकतच नव्हते. ते माझ्यावरचे साहेब. मग मी त्यांना मोरा घालून वाकायला लावलं आणि मोबाईलवर त्यांचा पाठीमागून फोटो काढून दाखवला. त्यांनी फोटो मोठा करून बघितला. म्हणाले, यह तो मैं ही हूं क्या?

आमच्याकडे माणसाएवढा रबरी पुतळा असतो, त्याच्यावर गाडी सोडून बघतात. मैदानात तो उभा ठेवला, दहाच्या दहा वेळा गाडी थांबली. मग त्याला वाकवून मोरा घातला. दहापैकी तीन वेळा थांबली. सात वेळा नाही. पाण्याचा फवारा सोडला तर एकदाच थांबली.

आता आमच्या नियमातली ती ओळ बदलली आहे. माणूस स्पष्ट दिसत नसला, तरी असेल असं वाटलं तर चौकोन काढायचा. मी माझे जुने फोटो परत उघडलेत. आणि या तपासणीला इथे सगळे 'मैनाबाई' म्हणतात. रोज संध्याकाळी कुणीतरी विचारतं, आज मैनाबाई कितनी बार बची?

पण आजी, हे सुधारायला खूप दिवस लागतील, आणि कितीही सुधारलं तरी पूर्ण भरवसा ठेवण्यासारखं होणार नाही. हे मला बाबांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. हे पत्र त्यांना वाचून दाखव. फोनवर मला बोलता येत नाही, त्यांनाही नाही.

नोकरी नाही सोडत.

श्रुतिका


किरनापूर
७ सप्टेंबर २०२५

श्रुतिका पोरी,

प्लास्टर निघालं. हात खालून निघाला तं सोललेल्या कांद्यासारखा. आन् मी पुन्याले रोज सात वेळा उडते हे मी बाजारात सगळ्यायले सांगून आली. तुळसाबाई जळून राह्यली. म्हने, तुझं नाव लागलं, माझा मोरा तं तुझ्यापेक्षा नवा होता.

तुझं पत्र म्या तुझ्या बाबाले वाचून दाखवलं. मीच वाचलं, जोडाक्षरासकट. 'दहापैकी तीन' इथं तो उठाले लागला, म्या म्हनलं बस, अजून आहे. तुझी चूक तू लिहिली तिथं त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. म्हनला, तिची काय चूक? म्या म्हनलं, मंग तुझी एकट्याची भी नाही, अर्धी मले दे, हात दाखवून सडका पार कराची अक्कल माझी होती.

पन नुसत्या बोलन्यानं त्याचं काही हालेना. मंग म्या मोहल्ल्यातून चार मोरे मागून आनले. आन् तुझ्या बाबाले गाडीत बसवलं, गाडी बंद, चाबी माझ्या कमरेले. दूर शाळेच्या भिंतीपाशी आम्ही चार बाया मोरे घालून, वाकून, त्याच्याकडे पाठ करून चालाले लागलो. चार कासवं. मंग मी वाकलेलीच मागं आली आन् खिडकीत त्याले विचारनार होती का माय कोनती होती, पन तो आधीच खाली उतरला होता.

म्हनला, "तिसरी. डावा पाय बाहेर टाकतेस तू."

एवढं बोलून गाडीकडे तोंड फिरवून उभा राह्यला. तुळसाबाईनं पदर डोळ्याले लावला. ह्या वेळी कोनी सांगतलं नव्हतं.

म्या चाबी त्याच्या हातात देल्ली. म्हनलं, तुले ओळखता येते ना, मंग पाहत जा बाप्पा. 

आता चालवते. मोबाईल गाडीत असला का तुझ्या आईच्या पिशवीत राहते. सीटचं प्लास्टिक त्यानं स्वतः ओढून काढलं, आता मी वाजत नाही, मले गाडीत बसल्यासारखं वाटतच नाही. पन तो इतका हळू चालवते का काल महागूच्या बकऱ्या आमच्या पुढं निघून गेल्या, सातही.

आन् ऐक. परवा दुकानातून येतानी सडकेच्या कडेले कोनीतरी मोरा वाळत टाकला होता, पालथा. तुझ्या बाबानं गाडी थांबवली. मागून ट्रक भोंगे वाजवून राह्यला. हा उतरला, मोऱ्यापाशी जाऊन खाली बसला, हळूच टोक उचललं. मी गाडीतून पाहून राह्यली.

खाली कुत्री झोपली होती, चार पिल्लं घेऊन.

त्यानं टोक जसं होतं तसं खाली ठेवलं, हात जोडले, आन् येऊन बसला. म्या विचारलं, कोन होतं? म्हनला, कोनी ओळखीचं नाही.

तुझी आजी